पुराव्यावाचून विश्वास : 'डार्क पॅसेज' पाहताना

फरारी माणसाची प्रेमकथा हा हॉलिवूडचा जुना, आवडता विषय. पळणारा माणूस, मागावर असलेले पोलीस आणि त्याला आसरा देणारी स्त्री, एवढ्या भांडवलावर तिथे कितीतरी चित्रपट निघाले आणि त्यांतले बहुतेक विसरलेही गेले. वॉर्नर ब्रदर्सचा 'डार्क पॅसेज' हा १९४७ सालचा चित्रपट तसा विसरला गेला नाही, पण त्याचे हवे तसे कौतुकही झाले नाही. हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बॅकॉल या जोडीने चार चित्रपट केले. 'टू हॅव अँड हॅव नॉट' (१९४४), 'द बिग स्लीप' (१९४६), मग हा, आणि शेवटी 'की लार्गो' (१९४८). या चौघांत 'डार्क पॅसेज'ला बरेचदा मागच्या बाकावर बसवले जाते. कथानकात योगायोग फार, कॅमेऱ्याची कसरत जास्त, शेवट परीकथेसारखा, असे आक्षेप घेतले जातात. हे आक्षेप खोटे नाहीत. तरीही आम्हांला या चौघांत हाच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. उरलेल्या तिघांत नसलेला एक प्रश्न यात आहे. ज्याचे निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही, अशा माणसावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर?

आम्ही हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो घरीच, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. अम्मी शेजारी भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही. अर्धा तास झाला तसे त्यांनी मान वर केली आणि विचारले, "काय रे, याचं तोंड कधी दाखवणार?" पुढे वाचनात आले की, स्टुडिओचे मालक जॅक वॉर्नर यांची तक्रारही नेमकी हीच होती. ज्याच्या चेहऱ्यासाठी लोक तिकीट काढतात त्याचा चेहरा चित्रपटाच्या पहिल्या तासाभरात दिसतच नाही, हा कुठला धंदा? अम्मींचा आणि वॉर्नरसाहेबांचा प्रश्न एकच होता. चित्रपटाची सगळी गंमत आणि सगळे गांभीर्य या प्रश्नात आहे.

गोष्ट अशी. व्हिन्सेंट पॅरी हा माणूस पत्नीच्या खुनाबद्दल सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात जन्मठेप भोगतो आहे. खून त्याने केलेला नाही. चित्रपट सुरू होतो तेव्हा तुरुंगातून एक ट्रक बाहेर पडतो आहे. ट्रकवर पिंपे रचलेली आहेत आणि एका पिंपाच्या काठावर दोन हात दिसतात. पिंप हेलकावे खाते, ट्रकवरून पडते, उतारावरून गडगडत जाते. आणि इथून कॅमेरा पॅरीच्या डोळ्यांत जाऊन बसतो. पॅरी जे पाहतो ते आणि तेवढेच आपल्याला दिसते. त्याचे हात दिसतात, आवाज ऐकू येतो, पण तो स्वतः दिसत नाही. आवाज अर्थातच बोगार्टचा. तो ओळखायला प्रेक्षकाला क्षणही लागत नाही. ओळखीचा आवाज आणि न दिसणारा चेहरा, असा हा पेच आहे.

नायकाच्या डोळ्यांनी पाहणारा कॅमेरा ही काही डेव्ज यांची एकट्याची युक्ती नव्हे. त्याच १९४७ साली रॉबर्ट मॉन्टगोमेरीचा 'लेडी इन द लेक' लोकांपुढे आला. त्यात जवळजवळ सगळा चित्रपट गुप्तहेराच्या डोळ्यांतून दिसतो. गुप्तहेर स्वतः दिसतो तो मुख्यतः आरशात. तो पाहताना दहा मिनिटांत कंटाळा येतो, कारण कॅमेरा तिथे का बसला आहे याचे उत्तर कथेत नाही. 'डार्क पॅसेज'मध्ये ते उत्तर आहे. एक तर व्यावहारिक उत्तर. पॅरी पुढे चेहरा बदलणार आहे. बदलल्यावर तो बोगार्ट होणार, मग आधी कोण? आधीचा चेहरा वर्तमानपत्रातल्या फोटोत तेवढा दिसतो आणि तो दुसऱ्याच माणसाचा आहे. पण आम्हांला महत्त्वाचे वाटते ते दुसरे उत्तर. या माणसाला ज्यूरीने चेहरा पाहून, साक्ष ऐकून दोषी ठरवलेले आहे. दिग्दर्शक आपल्याला चेहराही देत नाही आणि साक्षही देत नाही. तो आपल्याला त्या माणसाच्या जागी उभे करतो. पोलीस दिसला की आपणच दचकतो. परका माणूस टक लावून पाहू लागला की आपलेच डोळे दुसरीकडे वळतात. डेव्ज यांनी यासाठी जर्मन बनावटीचा हलका ॲरिफ्लेक्स कॅमेरा हाती धरून वापरला. त्या काळच्या हॉलिवूडच्या अवजड कॅमेऱ्याला अशी मान वळवता आली नसती.

पळाल्यावर पॅरीला पहिली गाडी मिळते ती बेकर नावाच्या इसमाची. बेकर गाडी चालवता चालवता प्रश्न विचारत राहतो. कपड्यांकडे, बुटांकडे पाहतो. इतक्यात गाडीतल्या रेडिओवर पळालेल्या कैद्याचे वर्णन सुरू होते. बेकरची नजर कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे वळते. ही नजर ज्याने एकदा अनुभवली आहे त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. गाडीच्या डब्यात, लॉजच्या गल्ल्यापाशी, भाड्याची खोली शोधताना समोरच्याने नाव विचारावे आणि उत्तर ऐकून त्याच्या डोळ्यांत काहीतरी सरकावे, तसेच हे. पॅरी त्याला ठोसा मारून पाडतो.

मग ती येते. आयरिन जॅन्सन, म्हणजे लॉरेन बॅकॉल, बावीस-तेवीस वर्षांची. ती त्याला थेट नावाने हाक मारते, गाडीत बसायला सांगते, चित्रकलेच्या सामानाखाली दडवते आणि नाकाबंदीतून पार नेते. नाकाबंदीवरचा पोलीस मागचे सामान चाचपतो तेव्हा आपण ताडपत्रीखाली असतो. आयरिनचा आवाज मात्र जराही हलत नाही. बॅकॉलच्या अभिनयाबद्दल एरवी बरेच उणेदुणे काढले जाते. तिची सगळी करामत डोळ्यांत आणि घोगऱ्या आवाजात आहे, पुढे काही नाही, असे म्हणतात. या चित्रपटात तिच्यापाशी शृंगारिक टोमणेबाजी नाही, 'द बिग स्लीप'मधली जुगलबंदी नाही. ती शांत आहे, आणि चित्रपटाला हवे होते ते हेच.

आयरिन हे सगळे का करते? पॅरी विचारतो, आणि प्रेक्षकही विचारतो. तिच्या वडिलांना असेच खुनाच्या आरोपावरून तुरुंगात टाकले होते. ते निर्दोष आहेत असा तिचा विश्वास होता आणि ते तुरुंगातच वारले. पॅरीचा खटला चालला तेव्हा ती कोर्टात येऊन बसायची, वर्तमानपत्राला त्याच्या बाजूने पत्रही तिने लिहिले होते. बस्स, एवढेच. तिच्याजवळ पुरावा नाही. तिने खऱ्या खुन्याचा शोध घेतलेला नाही. दुसऱ्या एखाद्या रहस्यपटात नायिका नायकावर आधी संशय घेते, मग हळूहळू तिला खात्री पटते. हिचकॉकचे अर्धे चित्रपट या पायऱ्यांवरून चढतात. इथे पायऱ्याच नाहीत. विश्वास आधी येतो, ओळख नंतर, प्रेम त्याच्याही नंतर. आणि खात्री? ती चित्रपट संपेपर्यंत कुणालाच मिळत नाही.

आयरिन एकटीच अशी असती तर आम्ही तिला नायिकेचा लाडका दुर्गुण म्हणून सोडून दिले असते. पण चित्रपटात आणखी दोन माणसे तिच्यासारखी आहेत. एक टॅक्सीवाला सॅम. रात्रपाळीचा, एकटा, बोलायला माणूस मिळाला की सुटणारा. सोन्याचे मासे घेऊन टॅक्सीत बसलेल्या गिऱ्हाइकाचा किस्सा सांगता सांगता तो सहज सांगून टाकतो की, मागे कोण बसले आहे हे त्याने ओळखले आहे. पॅरी गारठतो. पण सॅमला पोलिसांत जायचे नाही. प्रवाशांचे चेहरे वाचत त्याचे आयुष्य गेले आहे आणि या चेहऱ्यात त्याला खुनी दिसत नाही. तो पॅरीला आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेतो. दुसरा माणूस हा डॉक्टर. वैद्यक संघटनेने केव्हाच काढून टाकलेला, मध्यरात्रीनंतर एका कळकट खोलीत चेहरे बदलून देणारा म्हातारा. हाउसली स्टीव्हन्सन या नटाने हे पाच-सात मिनिटांचे काम असे केले आहे की, बोगार्टपेक्षा तोच आधी आठवतो. हातात वस्तरा घेऊन तो सांगतो की, एखादा माणूस आवडला नाही तर मी त्याचा बुलडॉग करू शकतो किंवा माकड. पॅरी त्याच्यापुढे मान टाकून पडलेला. आता विश्वास ठेवण्याची पाळी पॅरीची आहे. दोनशे डॉलर, रात्रीची वेळ, परका माणूस आणि वस्तरा.

ही पात्रे मांडून पाहिली की चित्रपटाचा आराखडा दिसू लागतो. जे पॅरीला ओळखत नाहीत ते त्याला वाचवतात. जे त्याला चांगले ओळखतात त्यांच्यात एकटा जॉर्ज, त्याचा ट्रम्पेट वाजवणारा मित्र, प्रामाणिक आहे आणि तो मारला जातो. त्याच्याच ट्रम्पेटने. पॅरी त्या ट्रम्पेटला हात लावून बसलेला असतो, त्यामुळे बोटांचे ठसे त्याचेच. म्हणजे दुसराही खून त्याच्या नावावर.

या वेळी पॅरीचे डोके संपूर्ण पट्ट्यांनी बांधलेले आहे. शस्त्रक्रियेनंतर कॅमेरा त्याच्या डोळ्यांतून बाहेर आला आहे आणि आपण त्याला पहिल्यांदा बाहेरून पाहतो, पण दिसतात त्या पट्ट्या. त्याला बोलता येत नाही. टेलिग्राफ हिलच्या त्या उभ्या पायऱ्या चढत, धापा टाकत तो आयरिनच्या दारात येऊन कोसळतो. आधी चेहरा नव्हता, पण आवाज होता. आता आवाजही नाही. तो कागदावर लिहून बोलतो, ती त्याला नळीने भरवते. या दहा-बारा मिनिटांत बोगार्टसारख्या बोलक्या नटाला नुसते डोळे उरले आहेत. आमच्या मते चित्रपटाची खरी प्रेमकथा एवढीच. पट्ट्या सुटतात आणि बोगार्टचा तो ओळखीचा, सुरकुतलेला चेहरा दिसतो तेव्हा आम्हांला सुटल्यासारखेही वाटते आणि थोडे हरवल्यासारखेही. तो आता पुन्हा नट झाला, पुन्हा नायक झाला. नवा चेहरा मिळूनही त्याची सुटका नाही, हे मात्र डेव्ज यांनी चांगले दाखवले आहे. आयरिनने दिलेले नवे नाव घेऊन तो बाहेर पडतो आणि एका खाणावळीत घोड्यांच्या शर्यतीबद्दल काहीतरी चुकीचे बोलून बसतो. शेजारी बसलेल्या डिटेक्टिव्हला संशय येतो. चेहरा बदलला, पण घाबरलेल्या माणसाचे वागणे बदललेले नाही.

आता मॅज. ॲग्नेस मूरहेड या नटीने ही भूमिका केली आहे आणि चित्रपटात सर्वांत वरचढ काम तिचे आहे. मॅज ही पॅरीची नि त्याच्या पत्नीची मैत्रीण. मरणाऱ्या पत्नीने पॅरीचेच नाव घेतले अशी साक्ष देऊन त्याला तुरुंगात पाठवणारी तीच. ती दार ठोठावते, नको तिथे नाक खुपसते, कुणालाच नको असते आणि तरी सगळ्यांच्या घरात असते. तिनेच दोन्ही खून केले आहेत. कारण? पॅरी तिला हवा होता. तो मिळाला नाही, तर तो कुणालाच मिळू नये. तिच्या साक्षीला कोर्टात वजन होते. ती ओळखीची होती, प्रतिष्ठित होती, घरातली होती. पॅरी अखेर तिच्या घरी जाऊन तिला गाठतो. आधी ती त्याला ओळखत नाही. एका परक्या पुरुषाने आपल्यात रस घेतला म्हणून खुलते. मग ओळखते. कबुलीजबाबाचा कागद पुढे येतो. सही करायची ती नकार देते आणि एक भयंकर खरे बोलून जाते की, मी नसले तर तुझ्याजवळ काही उरणार नाही. आणि पडद्याआडच्या खिडकीतून खाली कोसळते. तो अपघात आहे, पण लोकांच्या लेखी पॅरीच्या खात्यावर आणखी एक मरण.

कथेचा हा सांधा पाहिल्यावर आमच्या एका वकील मित्राचे समाधान होईना. "म्हणजे तो सुटला नाहीच?" नाही, सुटला नाही. "मग चित्रपटाने केलं काय?" त्यांच्या धंद्याला हे शोभणारेच आहे. रहस्यपटाचा करार असा असतो की, खरा गुन्हेगार सापडला की निर्दोषाची मुक्तता होते. सत्य आणि निकाल एका ओळीत येतात. 'डार्क पॅसेज' हा करार अर्धाच पाळतो. खरा गुन्हेगार सापडतो, आपल्याला कळतो, पॅरीला कळतो, आणि न्यायाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. बेगुनाह असणे आणि बेगुनाह ठरणे या दोन गोष्टींतले अंतर तसेच राहते.

आणि पुरावा असतो कुणाकडे? तो पहिला गाडीवाला बेकर आठवा. तो पुन्हा उगवतो, पिस्तूल घेऊन. त्याने सगळे शोधून काढले आहे. पॅरीला वाचवू शकेल अशी माहितीही त्याच्याकडे आहे. कुणाची गाडी मागावर होती ते त्याने पाहिले आहे. त्याला मात्र ते विकायचे आहे. आयरिनची दौलत त्याला हवी. गोल्डन गेट पुलाखालच्या खडकांवर तो आणि पॅरी झोंबतात आणि बेकर खाली पडून मरतो. ज्याच्याजवळ पुरावा आहे तो त्याचा सौदा करतो, जिच्याजवळ सत्य आहे ती ते घेऊन मरते. आणि ज्यांना काहीच ठाऊक नाही ते दार उघडतात.

आता तक्रारी. योगायोगांबद्दल आम्हांला फार बोलायचे नाही. पॅरी पळतो नेमका तिथेच आयरिन चित्र काढत असते. मॅजचा जुना मित्र नेमका आयरिनचाही मित्र असतो. सॅन फ्रान्सिस्कोत जणू सातच माणसे राहतात. हे कच्चे आहेच.

आमची पहिली मोठी तक्रार आयरिनच्या पैशाबद्दल आहे. टेलिग्राफ हिलवरच्या मॉन्टगोमेरी स्ट्रीटची ती डौलदार इमारत आजही उभी आहे. काचेच्या लिफ्टची, गुळगुळीत भिंतींची. आयरिन तिथे एकटी राहते, नोकरी करत नाही, फरारी माणसाला नवे कपडे आणून देते, पैसे देते. तिचा विश्वास सुंदर आहे, पण तो तिला परवडतो. टॅक्सीवाला सॅम पकडला गेला असता तर त्याचे काय झाले असते? चित्रपट हा प्रश्न विचारत नाही. सॅम टॅक्सी घेऊन रात्रीत निघून जातो. एकाच विश्वासाची दोन घरांत पडणारी किंमत वेगळी असते, हे डेव्ज यांना सुचले नसेल असे आम्हांला वाटत नाही. १९५० साली 'ब्रोकन ॲरो'मध्ये अपाची लोकांकडे माणूस म्हणून पाहणारा दिग्दर्शक तो. स्टुडिओला मात्र बॅकॉलचे कपडे दाखवायचे होते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. मेलेली पत्नी, गर्ट, हिच्यासाठी या चित्रपटात कुणी रडत नाही. तिचे लग्न वाईट होते, ती चांगली नव्हती, एवढ्यात तिचा हिशेब संपतो. मॅजही तशीच, एकटी, वय सरू लागलेली, कुणाला नकोशी झालेली स्त्री म्हणजे संकट, असे गृहीत धरूनच तिचे पात्र रंगवले आहे. मूरहेडने त्यात एवढी आग ओतली म्हणून मॅज नुसती खलनायिका राहिली नाही. तिच्याही हट्टाला पटकथेने प्रेमच म्हटले आहे. पण पटकथेचा कल स्पष्ट आहे. निर्दोष पुरुषावरच्या अन्यायाची कथा सांगताना दोन स्त्रियांवर अन्याय झाला तरी तिला चालतो. त्या काळच्या बहुतेक काळोख्या रहस्यपटांत ही खोट आहे, आणि सवय म्हणून ती माफ करावी असे आम्हांला वाटत नाही.

तरीही हा चित्रपट त्याच्या भाऊबंदांत वेगळा उठून दिसतो. फ्रिट्झ लांगच्या 'यू ओन्ली लिव्ह वन्स' (१९३७) मध्ये हेन्री फोंडा आणि सिल्व्हिया सिडनी पळतात आणि सरहद्दीपाशी गोळ्यांना बळी पडतात. 'हाय सिएरा' (१९४१) मध्ये खुद्द बोगार्ट फरारी दरोडेखोर आहे आणि डोंगरावर मारला जातो. निकोलस रेच्या 'दे लिव्ह बाय नाइट'मधला कोवळा फरारीही मरतो. १९३४ पासून हॉलिवूडवर सेन्सॉरची जी संहिता कडकपणे लागू झाली तिचा एक दंडक असा की, गुन्हेगार सुखाने सुटता कामा नये. म्हणून फरारी प्रेमिक मरत. पॅरीला जगता आले ते त्याने काही केलेले नव्हते म्हणून. पण कायद्याच्या लेखी तो गुन्हेगारच. आणि कायद्याच्या हातून निसटून तो समुद्रकिनारी जाऊन बसतो. संहितेच्या पहारेकऱ्यांच्या नजरेतून हे सुटले कसे, याचे आम्हांला नवल वाटते.

चित्रपटाला संगीत देणारा फ्रांझ वॅक्समन हाही पळून आलेलाच. १९३४ साली बर्लिनच्या रस्त्यात नाझींनी ज्यू म्हणून त्याला मारहाण केली, तेव्हा तो आधी पॅरिसला आणि मग अमेरिकेला गेला. आणि मूळ कादंबरीचा लेखक डेव्हिड गुडिस? 'डार्क पॅसेज' ही त्याची कादंबरी १९४६ साली आली, 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये ती क्रमशः छापली गेली होती. पुढे १९६३ ते १९६७ या काळात 'द फ्युजिटिव्ह' ही मालिका अमेरिकेत गाजली. पत्नीच्या खुनाचा खोटा आळ आलेल्या डॉक्टरची कथा. गुडिसने ती आपली आहे असे म्हणून खटला भरला. १९६७ च्या जानेवारीत तो वारला तेव्हाही खटला चालूच होता; अपील न्यायालयाचा त्याच्या बाजूचा निर्णय १९७० साली आला. पुरावा वेळेवर पोहोचत नाही, ही गोष्ट त्याने लिहून ठेवलीच होती.

पण आम्हांला सांगायचे आहे ते १९४७ च्या ऑक्टोबरबद्दल. 'डार्क पॅसेज' सप्टेंबरात पडद्यावर आला. पुढच्याच महिन्यात अमेरिकन काँग्रेसच्या समितीने हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांची जाहीर चौकशी वॉशिंग्टनमध्ये मांडली. आरोपींना एकच प्रश्न होता, तुम्ही कम्युनिस्ट आहात की होता? याच्या निषेधासाठी कलावंतांचे एक विमान वॉशिंग्टनला गेले. त्यात जॉन ह्यूस्टन होते, डॅनी के होते, आणि बोगार्ट आणि बॅकॉलही होते. पडद्यावर ज्या दोघांनी पुराव्यावाचून विश्वास दाखवला, ते दोघे आता खऱ्या आरोपींच्या मागे उभे राहायला निघाले होते. काही आठवड्यांत वारे फिरले. दहा जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, त्यांना पुढे तुरुंगवास झाला, स्टुडिओंनी दारे बंद केली. आणि १९४८ च्या मार्चमध्ये 'फोटोप्ले' मासिकात बोगार्टच्या नावाने लेख आला, त्याचे शीर्षकच 'मी कम्युनिस्ट नाही' असे होते. आपण फसलो, असा त्याचा सूर होता.

बोगार्टला भित्रा म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. तो विमानात बसला तरी होता. न बसणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. पण त्यानंतर आम्ही जेव्हा जेव्हा आयरिनला नाकाबंदीवर शांतपणे पोलिसाशी बोलताना पाहतो, तेव्हा तो लेख मधे येतो. पडद्यावर ताडपत्रीवरून पोलिसाचा हात फिरतो आणि निघून जातो. बाहेर तो हात तसा निघून जात नाही.

शेवटाकडे येऊ. मॅज मेल्यावर पॅरी बसच्या थांब्यावर येतो. रात्रीची वेळ. एक स्त्री, तिची मुले, आणि थोड्या अंतरावर एक एकटा माणूस. कुणी कुणाशी बोलत नाही. पॅरी नाण्याच्या ग्रामोफोनमध्ये नाणे टाकून एक गाणे लावतो, आणि ती दोन परकी माणसे हळूहळू एकमेकांशी बोलू लागतात. कथेला या प्रसंगाची काही गरज नाही. कापला असता तर कुणाला कळले नसते. पॅरी त्यांच्याकडे पाहतो, मग फोनवर आयरिनला सांगतो की, तो पेरूमधल्या पायटा नावाच्या गावी चालला आहे. तिथे ये म्हणून तो मागे लागत नाही.

त्यानंतर पायटा. समुद्रकाठचे हॉटेल, संगीत, पांढऱ्या कोटातला बोगार्ट एकटा मेजावर बसलेला. गाणे सुरू होते, तो मान वर करतो, आणि ती समोर उभी आहे. हे स्वप्नरंजन आहे, यात शंका नाही. वकील मित्र लगेच प्रत्यार्पणाच्या कायद्यावर घसरले. अम्मींनी मात्र भाजीचे ताट केव्हाच बाजूला ठेवले होते. दोघे काही न बोलता नाचू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "आली का बाई. तिकीट कुणी काढलं?"

आम्ही म्हटले, तिनेच काढले असणार.